इनासच्या हातची कलेजी

इनासच्या स्वयंपाकघरातून आजवर काही कच्चं बाहेर पडलेलं नाही. अंडी उकडायला ठेवली की ती बाजारात जाऊन येते. भेंडी इतकी शिजते की भांड्यात भेंडी आहे हे फक्त तिच्या सांगण्यावरून मानायचं. मासा तिच्या कढईतून निघतो तेव्हा तो कोणत्या जातीचा होता हे अलेक्झांड्रियातल्या जुन्या कोळ्यालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. लोक हे तिच्या पाठीमागे बोलत नाहीत, कारण ती त्यांना तेवढी सवडच देत नाही. कामावर डबा उघडला की ती स्वतःच आधी सांगून टाकते, "घाबरू नका, कोळसा नाही, वांगं आहे."

तिचं काम पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. जीवशास्त्राची पदवी घेऊन ती तिथे लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवसभर भिंगाखाली वळवळणारी मंडळी पाहायची आणि संध्याकाळी घरी येऊन निर्धास्त जेवायला बसायचं, हे तिला कधी साधलं नाही. "माझी त्यांची रोजची ओळख आहे," ती म्हणते, "पण ओळखीच्या सगळ्यांनाच काही कोणी जेवायला बोलावत नाही."

अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बेक भागातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात माणसं तीन. नवरा इमाद बंदरावरच्या गोदामात मुकादम आहे. तो पुढ्यात येईल ते खातो आणि वरून भरपूर लोणचं घेतो. मुलगी रीम पंधरा वर्षांची. ती पुढ्यात येईल ते आधी निरखून पाहते. आणि तिसरी इनास, जिचा खाण्यापेक्षा खाणाऱ्यांकडे पाहण्यात जास्त वेळ जातो. घरातले नियम तिचेच. पालेभाजी आधी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायची. बाहेरून आल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे. आणि मागच्या गॅलरीत ठेवलेल्या गॅसच्या सिलिंडरची चावी, स्वयंपाकघरातून जो शेवटी बाहेर पडेल त्याने बंद करायची. हा नियम इमादच्या इतका अंगवळणी पडला आहे की चहा उकळायला ठेवून तो बाहेरच्या खोलीत जातो आणि जाता जाता चावी बंद करून जातो. मग दोघंही बराच वेळ वाट पाहतात, तो चहाची आणि चहा गॅसची.

त्या हिवाळ्यात रीम शाळेत सकाळच्या रांगेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं आणि हिमोग्लोबिन फार खाली गेलंय म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या रीमच्या पोटात टिकेनात. एक गेली की अर्ध्या तासात बाहेर. पुन्हा डॉक्टरीणबाई.

"गोळ्या बदलून देते," त्या म्हणाल्या, "पण घरात कलेजी करता की नाही? बैलाची, ताजी. आठवड्यातून एकदा तरी. वरून लिंबू पिळा."

"करते की," इनास म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिला घाम फुटला.

बैलाच्या पोटात जे जे जातं त्या सगळ्याची झडती ज्या अवयवात होते, तो अवयव आता आपल्या मुलीने खायचा. त्या अवयवात कोण कोण बिऱ्हाड करून राहतं याची चित्रं तिने परीक्षेत काढली होती आणि चांगले गुण मिळवले होते. आता त्या गुणांचा तिला पश्चात्ताप झाला.

कलेजी कशी करायची हे तिला माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. ते अलेक्झांड्रियातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वरची पातळ साल ओढून काढायची, शिरा काढायच्या, बोटाएवढे पातळ तुकडे करायचे. लसूण, जिरं, हिरव्या मिरच्या, थोडं व्हिनेगर. कढई धूर येईपर्यंत तापवायची, तुकडे टाकायचे, दोन-तीन मिनिटं परतायचे, मीठ अगदी शेवटी, नाहीतर कलेजी चिवट होते. हे सगळं इनास झोपेतही म्हणून दाखवील. अडचण होती ती हाताची. कढई उतरवायची वेळ आली की मनात येई, अजून जरा. आणि त्या 'अजून जरा'ला तिच्याकडे शेवट नव्हता.

पहिल्या गुरुवारी रीमने एक तुकडा तोंडात टाकला. चावला. एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि पुन्हा चावला.

"कशी झालीय?" इनासने विचारलं.

"थांब ना आई. अजून पहिलाच चाललाय."

"मसाला छान लागलाय," इमाद म्हणाला. तो मसाला चाटून बाकीचं ताटाच्या कडेला मांडत होता. कडेला बऱ्यापैकी रांग झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात इनासने कलेजी लपवायचं ठरवलं. आधी तळली, मग उकडली, मग वाटली आणि मॅकरोनीच्या थरांमध्ये पसरली. रीमने काट्याने वरचा थर उचलला, खाली पाहिलं आणि झाकणासारखा परत ठेवला. मग खिम्याच्या गोळ्यांत झाली. मग मसुराच्या डाळीत.

"आई, डाळीत काहीतरी आहे."

"काही नाही, जिरं असेल."

"मी त्याला चावले, त्याने मला उलट चावलं."

"खाऊन टाक रीम. औषध समजून खा."

"औषध गिळता येतं आई. नाक्यावरच्या फौकी काकांच्या गाडीवरची आण, दोन पाव खाते बघ."

"त्या गाडीवर कोणाची कलेजी असते देव जाणे."

"आणि तुझी बैलाची असते हे चवीवरून कोण ओळखणार?"

इमाद खाली मान घालून डाळ ढवळत राहिला. त्याचे खांदे हलत होते. इनासलाही हसू आलं. हसण्याचं बिल ती नेहमी स्वतःच्या नावावर फाडून घेई. "ओळखेल की," ती म्हणाली, "बैलाला समोर उभं केलं तर तो स्वतः ओळखेल. पण आपलं म्हणायला लाजेल."

पण ताटं उचलताना रीमच्या वाटीत डाळ तशीच राहिलेली दिसली आणि हसू जिरलं. बदललेल्या गोळ्याही पोटात टिकत नव्हत्या आणि मुलीची नखं कागदासारखी पांढरी दिसू लागली होती. शाळेतून येताना ती दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून राही. इनास खिडकीतून तिला फाटकात शिरताना बघे, जिन्यावर पावलांची वाट बघे आणि पावलं थांबली की खाली उतरून दप्तर घेऊन येई. मग दोघी वर चढत. रीम बोलण्याचा दम वाचवत असे आणि इनास रडू नये म्हणून पायऱ्यांवरच्या कचऱ्याला नावं ठेवत असे.

खरी बोच वेगळीच होती. रीम कलेजी खात नव्हती असं नाही. वर्षातून एकदा, मोठ्या ईदच्या सकाळी, ती आडवा हात मारून खायची. त्या दिवशी नमाजानंतर कुर्बानी झाली की बैलाची कलेजी सगळ्यांत आधी घरी येते आणि तोवर घरात कोणी काही खात नाही. ती करायची इमादच्या आईने, हज्जा इस्मतने. म्हातारी कढई तापवायची, कलेजी टाकायची, दोनदा हलवायची आणि उतरवायची. तुकडा मोडला की आत गुलाबी. इनास त्या वेळी बिस्मिल्ला म्हणून दुसऱ्या खोलीत जायची आणि नवरा-मुलीचं जेवण आटोपलं की दोन दिवस त्यांच्या पोटांची चौकशी करायची.

"मग आईकडून दर आठवड्याला करून आणू," इमाद एकदा सहज म्हणाला.

इनासने त्याला हज्जाचं गाव दमनहूर किती लांब आहे ते सांगितलं. रस्त्यावरची गर्दी सांगितली, डब्यात कलेजी कशी थंड होते ते सांगितलं. इमादने मान डोलावली. दमनहूर हे काही खरं कारण नव्हतं. मुलीला आईच्या हातची नको आणि आजीच्या हातची हवी, हे दर आठवड्याला ताटात वाढलेलं पाहायची तिची तयारी नव्हती. वर्षातून एकदा ती ते सोसत होती. ईद होती म्हणून.

तर त्या वर्षीची ईद जवळ आली आणि हज्जा दमनहूरहून आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घालून. गच्चीवर बदकांना दाणे टाकताना पाय घसरला होता. मनगट मोडलं, बदकं शाबूत राहिली. बैठकीतल्या मोठ्या खुर्चीत हात उशीवर ठेवून ती बसली आणि पहिल्याच चहाला तिने निकाल दिला.

"यंदा कलेजी तू करायचीस, इनास."

"तुम्ही शेजारी बसून सांगा हज्जा, मी करते."

"मी सांगायचं आणि तू ऐकायचं? लग्न झाल्यापासून ऐकलंयस कधी?" हज्जाने बशीत चहा ओतायला सुनेकडे कप सरकवला. "मी बाहेरच बसते बाई. आत बसले तर माझं डोकं तापेल, कढईपेक्षा जास्त. फक्त एवढं कर, दात थोडेच उरलेत माझे. पुढच्या ईदला लागतील."

"नाहीतर असं करू," इनास म्हणाली, "तुमच्या वाट्याची आत्तापासूनच भिजत घालते."

म्हातारी हसली. रीम हसली नाही. ती आजीच्या खुर्चीच्या हातावर बसली होती आणि आजीच्या कानाशी लागून म्हणाली, "मग मी यंदा नुसता पाव खाते." हळूच म्हणाली, पण इनासने ऐकलं. आपल्या स्वयंपाकाबद्दल कुणी काही बोललं तर ते तिला दोन खोल्यांपलीकडूनही ऐकू येतं.

ईदच्या सकाळी रस्त्यावर नमाज झाला. इमाद, त्याचे दोन भाऊ आणि आळीतली आणखी काही घरं मिळून एक बैल होता. सूर्य गच्च्यांवर येईतो इमाद घमेल्यात कलेजी घेऊन जिना चढला. अजून ऊन होती. घरात दोन्ही दीर, त्यांच्या बायका-पोरं, हज्जा, सगळे पहाटेपासून उपाशी. बैठकीतून ईदच्या गप्पांपेक्षा पोटांचेच आवाज जास्त येत होते.

इनासने जावांना स्वयंपाकघरातून प्रेमाने घालवून दिलं. साल काढली, शिरा काढल्या, तुकडे धुतले. मग पुन्हा धुतले. कढई चढवली, धूर येऊ दिला, लसूण-मिरची टाकली आणि वरून कलेजी. मोठा आवाज झाला. बाहेरून हज्जा ओरडली, "टाकली ना? आता फार खेळू नकोस तिच्याशी."

रीम आत आली. तिने ताटं नेली, कोंड्याचे गरम पाव नेले, तिळाची चटणी नेली. परत येऊन आईच्या मागे जरा उभी राहिली.

"लोणचं कमी पडेल," ती म्हणाली. "गॅलरीतली बरणी आणते."

"आण," इनास म्हणाली. तिचं लक्ष कढईत होतं. लाल रंग जाऊन तपकिरी येत होता. कडांना खरपूस रेघ धरली होती. जिऱ्याचा वास जिन्यापर्यंत गेला असणार, कारण वरच्या मजल्यावरचं मांजर दाराशी येऊन बसलं होतं. नेमकी हीच वेळ होती आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पळी फिरवली आणि मनाशी म्हणाली, अजून जरा.

तेवढ्यात ज्योत आखडली, फुरफुरली आणि विझली.

इनासने काडी लावली. दुसरी लावली. बटण बंद करून पुन्हा उघडलं. काही नाही.

"सिलिंडर संपला," तिने बाहेर येऊन सांगितलं. तिच्या आवाजावरून बैठकीतल्यांना वाटलं, कोणी गेलं की काय.

"आज?" थोरला दीर म्हणाला. "आज सिलिंडरवाला स्वतः कलेजी खात बसला असेल."

"मी शेजारी नेऊन शिजवून आणते. फक्त दहा मिनिटं." ती आत गेली आणि कढई उचलून दाराकडे निघाली. दारात हज्जा उभी होती.

"कढई घेऊन जिन्यात पाऊल टाकलंस," हज्जा म्हणाली, "तर हे प्लास्टर बघून ठेव. चांगलं जड आहे."

"हज्जा, आतून अजून गुलाबी आहे हो."

"गुलाबीच असते. मीही होते एके काळी. मीठ घाल आणि वाढ."

पर्याय नव्हता. इनासने मीठ घातलं, लिंबं पिळली, जरा जास्तच पिळली, कारण आंबटात काहींचा तरी नायनाट होतो अशी तिला आशा होती. मग कढई मधोमध ठेवली आणि पोलिसाच्या हवाली व्हावं तशी भिंतीला टेकून उभी राहिली.

पावाचे तुकडे मोडले जात होते, कढईत जात होते, परत येत होते. धाकट्या दिराने चघळता चघळता घराकडे एकदा नजर फिरवली.

"इमाद," तो म्हणाला, "आपण आपल्याच घरात आलोय ना?"

"मुकाट खा," इमाद म्हणाला. त्याने लोणच्याला हात लावला नव्हता.

रीम खात होती. पहिला पाव संपला, दुसरा संपला. तिसऱ्या पावाने तिने कढईची कड पुसून घेतली. तिच्या हनुवटीवर तेल होतं आणि ते पुसायचीही तिला सवड नव्हती. इनासने स्वतः एक घासही घेतला नाही. ती एकेकाचे चेहरे वाचत होती.

"भावजी, तुम्हाला घाम येतोय का?" तिने थोरल्या दिराला विचारलं.

"मिरची खाल्लीय वहिनी. येणारच."

"पोटात काही वेगळं वाटतंय?"

"वाटतंय. कधी नव्हे ते भरलंय."

दुपारी चहाची हाक आली तेव्हा इनास रिकामा सिलिंडर बाजूला करायला गॅलरीत गेली. दिराच्या घरून दुसरा आणायचं ठरत होतं. तिने कडी धरून सिलिंडर ओढला. तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला. रिकाम्या सिलिंडरला एवढा अहंकार नसतो. तिने चावीला हात लावला. चावी गच्च बंद होती.

पहिला संशय अर्थातच इमादवर. पण इमाद सकाळपासून स्वयंपाकघरात फिरकला नव्हता. मग तिची नजर लोणच्याच्या बरणीवर गेली. ती कोपऱ्यात, आपल्या जागी, फडक्याने बांधलेली तशीच होती.

रीम आतल्या खोलीत पलंगावर लोळत होती. इनासने दार लोटून घेतलं.

"बरणी राहिली का गं आणायची?"

"कुठली बरणी?" आणि मग आईचा चेहरा पाहून ती उठून बसली. "घरात नियम आहे ना, चावी बंद करायची."

"जो शेवटी बाहेर पडेल त्याने. मी आत होते."

"तू बाहेर पडणारच नव्हतीस आई. संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली असतीस." रीम चादरीची सुरकुती बोटाने सरळ करत होती. "वास इतका छान येत होता. मला खायची होती. तुझ्या हातची."

इनास गॅसवर बोलली. ज्योत अशी परस्पर विझवली आणि शेगडीचं बटण उघडं राहिलं तर काय होतं, यावर ती बरंच बोलली, आणि ते बोलायलाच हवं होतं. रीमने पुन्हा करणार नाही म्हणून शपथ घेतली. बाहेर आल्यावर इनासला आपण काय बोललो त्यातलं अर्धंही आठवेना. 'तुझ्या हातची' हे दोन शब्द तेवढे कानात राहिले होते आणि ते तिचे नव्हते.

कुर्बानीच्या वाट्यातली थोडी कलेजी तिने बर्फाच्या खणात ठेवली होती. सगळ्यांची पोटं ठीक आहेत याची रोज खातरजमा करण्यात आठवडा गेला. थोरल्या दिराने तर तिचा फोन घेणंच सोडलं. मग एका संध्याकाळी तिने कलेजी काढली, तुकडे केले आणि रीमला हाक मारली.

"इथे उभी राहा. चावीला हात लावायचा नाही. मी उतरवते."

"तू?"

"मीच. फक्त इथे उभी राहा."

कढई तापली. कलेजी पडली. रीम ओट्याला टेकून आईच्या हाताकडे पाहत होती. कडांना रेघ धरली.

"आई."

"बघतेय मी."

"आई, झालंय."

"मला दिसतंय." इनासने बटण बंद केलं. कढईत डोकावली. बटण पुन्हा सुरू केलं. "अर्धंच मिनिट."

रीम नुसती उभी राहिली, तिच्या त्या पांढऱ्या नखांची बोटं ओट्यावर ठेवून. इनासने त्या बोटांकडे पाहिलं, बटण बंद केलं आणि हात टॉवेलात गुंडाळून ठेवला, पुन्हा कुठे जाऊ नये म्हणून. मग मीठ घातलं, लिंबू पिळलं.

रीमने पाव मोडला तशी इनास म्हणाली, "थांब. आधी मी खाते. काही व्हायचं असलं तर आधी मला होऊ दे."

"मग मी किती वेळ थांबू?"

"रात्रभर पाहिलं असतं तर बरं झालं असतं."

"आई, थंड होतेय."

इनासने डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला. तिच्या आईची कलेजीही चिवटच असायची. 'अजून जरा' हे त्यांच्या घराण्यातच होतं. त्यामुळे लहानपणापासून कलेजी म्हणजे चावून चावून दमायची गोष्ट अशीच तिची समजूत. हा तुकडा दाताखाली आला आणि दबला. आत ओलसर होता, गोडसर होता, जिऱ्याच्या मागून लिंबू येत होतं.

"काय होतंय?" रीमने विचारलं.

"एका तुकड्यावरून सांगता येत नाही," इनास म्हणाली आणि दुसरा घेतला. तो पहिल्यासारखाच आहे का हे पाहायला तिसरा घेतला. चौथ्याला पाव लावला.

रीमने कढईचा कान धरून ती आपल्याकडे ओढली.

"आई, हे माझं औषध आहे. तुझं हिमोग्लोबिन चांगलं आहे."

"कोणी सांगितलं? तपासायला हवं," इनास म्हणाली आणि पावाचा आणखी एक तुकडा मोडून हात कढईकडे नेला.